घर लपवा, नोकरी मिळवा

आजचा लेख भांडणाचा आहे, आधीच सांगून ठेवते. ज्यांना चहाबरोबर गोड काहीतरी वाचायचं असेल त्यांनी मागचा पुरणपोळीचा लेख पुन्हा काढावा. आज गोड काही नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं: व्हिडिओ कॉलवरच्या मुलाखतीची जी 'तयारी' हल्ली पोरांकडून करून घेतली जाते, ती मुलाखतीची तयारी नसतेच. ती असते घर लपवण्याची तयारी. आणि हे घर लपवायला लावणारे लोक आपल्यातलेच आहेत. शिकलेसवरलेले, चांगल्या हुद्द्यावरचे, कदाचित हा लेख वाचणारेसुद्धा.

माझ्या धाकट्या दिरांची नात बी.कॉम. झाली. राहणार बार्शी. घर दोन खोल्यांचं, माणसं सहा. तिच्या कॉलेजने सगळ्या मुलांना सूचनांचा एक छापील कागद दिला होता, 'ऑनलाइन मुलाखतीची तयारी' असा मथळा घालून. ती तो घेऊन माझ्याकडे आली, "मोठी आजी, जरा बघ गं, यातलं मला काय काय जमेल?" म्हणून. मी जुनी शिक्षिका. कागद हातात आला की लाल पेन शोधायची सवय. मी सूचना मोजल्या. एकूण बावीस. त्यातल्या सतरा सूचना खोली, भिंत, उजेड, वायर आणि नेट यांबद्दल. तीन कपड्यांबद्दल. उरलेल्या दोन कामाबद्दल! बावीसपैकी दोन. दहावीच्या पेपरात व्याकरणालासुद्धा याहून जास्त गुण असतात.

आता त्या सतरा सूचना खोट्या आहेत का? अजिबात नाहीत, आणि खरी गोम तिथेच आहे. पाठीमागे खिडकी असली की कॅमेरा बाहेरच्या उजेडाला जुळवून घेतो आणि चेहरा काळा दिसतो, म्हणून उजेड समोरून हवा. बरोबर. लॅपटॉप मांडीवर घेतला तर समोरच्याला आपली हनुवटी आणि घरातला पंखा दिसतो, म्हणून खाली चार पुस्तकं ठेवून तो डोळ्यांच्या पातळीवर आणायचा. बरोबर. वायरवाले इयरफोन लावले की आवाज घुमत नाही. नेट अडखळलं तर चित्र बंद करून नुसता आवाज ठेवावा, कारण आवाजाला चित्रापेक्षा फार कमी नेट लागतं. मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवा, चार्जिंग पूर्ण करा, दहा मिनिटं आधी या. सगळं बरोबर. ज्यांना यातून जायचं आहे त्यांनी हे जरूर करावं, मी तिलाही करायला लावलं.

पण मग प्रश्न असा, की हे करून नक्की काय मिळतं? उत्तर आहे, गुण मिळतात. आणि हे माझं मत नाही, लोकांनी तपासून पाहिलेलं आहे.

इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६७ जणांना व्हिडिओ कॉलसारखी चित्रं दाखवली, मागची पार्श्वभूमी वेगवेगळी. मागे पुस्तकांचं कपाट किंवा झाडांच्या कुंड्या असल्या तर तो माणूस लोकांना जास्त विश्वासू आणि जास्त लायक वाटला. मागे राहतं घर दिसलं तर कमी. म्हणजे बघा, माणूस तोच, कपाट बदललं की लायकी बदलली!

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा प्रयोग २०२५ चा. एकाच मजकुराची ध्वनिफीत दोन प्रकारे ऐकवली, एकदा स्वच्छ आणि एकदा स्वस्त माइकमधून यावी तशी पत्र्याच्या डब्यातली. शब्द दोन्ही वेळा नीट कळत होते. तरी डब्यातल्या आवाजाचा माणूस लोकांना कमी हुशार वाटला आणि नोकरीला कमी योग्य वाटला.

जर्मनीतल्या संशोधकांनी तर २०१४ सालीच दाखवून दिलं होतं की बोलणं पलीकडे पोचायला १.२ सेकंद उशीर झाला, तर ऐकणाऱ्याला बोलणारा माणूस कमी आपुलकीचा आणि कमी लक्ष देणारा वाटतो. दोष तारेचा, आणि ठपका माणसाच्या स्वभावावर.

हे तिन्ही एकत्र ठेवा आणि आता बार्शीच्या त्या दोन खोल्या डोळ्यांसमोर आणा. मागे कपाट नाही, दोरीवर कपडे आहेत. माइक दोनशे रुपयांच्या इयरफोनचा. नेट मोबाइलचं, संध्याकाळी रडणारं. पोरीने तोंड उघडायच्या आधीच तिचे तीन ठिकाणी गुण गेले. आणि आपण तिला सांगतो काय, तर "तयारी कमी पडली."

मी चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. दहावीच्या उत्तरपत्रिका किती तपासल्या याचा हिशेब नाही. उत्तरपत्रिकेवर मुलाने नाव लिहायचं नसतं, लिहावा लागतो तो बैठक क्रमांक. पेपर तपासायला जातो तो दुसऱ्याच गावच्या शिक्षकाकडे. हे सगळं कशासाठी? तपासणाऱ्याला पोर कुणाचं, घर कुठलं, आडनाव काय, हे कळू नये म्हणून. कळलं की हात हलतो, चांगल्या माणसाचाही हलतो, हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. आणि परीक्षेला सगळ्यांना एकाच प्रकारचा बाक, एकच घंटा. बंगल्यातला आणि झोपडीतला शेजारी शेजारी. शंभर दोष असतील आपल्या परीक्षापद्धतीत, पण ही एक गोष्ट तिने सांभाळली होती.

व्हिडिओच्या मुलाखतीत नेमकं उलट झालं आहे. परीक्षेचा हॉल आता उमेदवाराच्या घरात आला. बाक त्याचा, दिवा त्याचा, वीज त्याची, शांतता त्याची. आणि तपासणारा आधी हॉल बघतो, मग पेपर.

त्या दिवशी बार्शीत काय काय झालं ते सांगते. वेळ दिली होती दुपारी तीनची, मे महिना. दिरांना दम्याचा त्रास, खोकल्याची उबळ कधी येईल सांगता येत नाही. कागदावर लिहिलं होतं 'घरातील व्यक्तींचा आवाज येऊ नये'. पोरीने काही म्हटलं नव्हतं हो, पण ते अडीचलाच टोपी घालून निघाले आणि भगवंताच्या देवळात जाऊन बसले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, मे महिन्याच्या दुपारी, स्वतःच्या घरात खोकायची चोरी म्हणून. जावेने कुकर सकाळीच उतरवून ठेवला होता. धाकट्या नातवाला शेजारी पाठवलं होतं. पंखा बंद, कारण त्याचा आवाज माइकमध्ये येतो. दोरीवरचे कपडे काढून तिथे पांढरी चादर ताणून बांधली होती. त्या चादरीपुढे ती घामाने निथळत बसली होती, वर फॉर्मल शर्ट.

तीनला कुणी आलं नाही. सव्वातीनलाही नाही. तीन चाळीसला पलीकडचे तिघे आले, उशीर का झाला याबद्दल चकार शब्द नाही. आणि तिघांचेही कॅमेरे बंद! पडद्यावर तीन काळे चौकोन, त्यात इंग्रजी आद्याक्षरं. ज्यांच्यासाठी आम्ही चादर बांधली, त्यांनी स्वतःचं तोंडसुद्धा दाखवलं नाही. पहिलं वाक्य आलं ते "युअर बॅकग्राउंड इज नॉट व्हेरी प्रोफेशनल". मग गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला तर "कॅन यू मूव्ह टु अ क्वाएट रूम?" दुसऱ्या खोलीत तिची पणजी झोपलेली. कुठे मूव्ह होणार?

काम कसलं होतं ठाऊक आहे? शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या कंपनीत, बार्शी-परांडा भागातल्या कर्जदारांशी फोनवर बोलायचं. दिवसभर मराठीत. आणि मुलाखत पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत इंग्रजीत. अहो, संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत, जिथून कलेक्टर निवडले जातात, तिथे उमेदवाराला मुलाखत मराठीतून देता येते. कलेक्टर मराठीत बोलून होता येतं, पण फोनवर मराठी बोलायच्या नोकरीला मराठी चालत नाही. याला काय म्हणावं?

कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. एका कंपनीला झोडपून काही होत नाही, आणि अशा पुष्कळ आहेत. निकाल विचाराल तर आजतागायत काहीही कळवलेलं नाही. 'नाही' असा एक शब्दसुद्धा नाही.

आता समोरून काय काय म्हटलं जाईल ते मला ठाऊक आहे. पहिलं म्हणजे, "मग काय, पूर्वीसारखं पुण्याला बोलवायचं का?" नाही! हे नीट ऐका. बार्शीहून पुणे दोनशे किलोमीटरच्या आसपास. एस.टी.चं भाडं, बापाचा एक दिवसाचा रोजगार, पोरीला एकटीला पाठवायचं की नाही यावर घरात आठ दिवस वाद. व्हिडिओमुळे हे सगळं वाचलं, ही फार मोठी गोष्ट आहे. २०२० च्या लॉकडाऊननंतर ही पद्धत घरोघर पोचली, त्यातून कितीतरी मुलींना पहिल्यांदा दार उघडलं. माझं भांडण व्हिडिओशी नाहीच. उंबऱ्यावर आलेल्याला बसायला पाट न देता "तुझा पाट कुठाय?" असं विचारणाऱ्याशी आहे. मी १९७३ साली शाळेच्या मुलाखतीला एस.टी.ने गेले होते. संस्थेचे चिटणीस कडक, प्रश्न वाकडे. पण बसायला बाक त्यांचा होता, पाणी त्यांचं होतं. बोलावणाऱ्याने बसायला द्यायचं असतं, एवढं साधं आहे. भाड्याचे आणि जागेचे पैसे कंपनीचे वाचले. त्या वाचलेल्या खर्चाचं ओझं कुणाच्या घरात गेलं, हे कुणी पाहिलं नाही.

दुसरं म्हणजे, "मुलं फसवतात हो! बाजूला कुणीतरी उत्तरं सांगतं, नाहीतर एआय सांगतं." खरं आहे. गूगलचे सुंदर पिचाई यांनीच २०२५ मध्ये सांगितलं, की किमान एक फेरी तरी समोरासमोर घेणार. घ्या की. निवडक दोन-चार जणांना खर्च देऊन बोलवा, माझी काही हरकत नाही. पण फसवणुकीच्या भीतीने पोरांना जे सांगितलं जातं ते ऐका: 'नजर कॅमेऱ्यावरून हलवू नका.' वर्गात चौतीस वर्षं उभी राहिलेली बाई सांगते, विचार करणारं मूल कधीही बाईंच्या डोळ्यांत बघत नाही. ते आढ्याकडे बघतं, खिडकीबाहेर बघतं, आणि तिथून उत्तर घेऊन येतं. एकटक बघणारा पोपटपंची करत असतो. हेही तपासलेलं आहे बरं का. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की अवघड प्रश्नाला माणसं नजर दुसरीकडे वळवतात आणि त्याने आठवायला मदतच होते. म्हणजे ज्याला विचार करण्याची खूण म्हणायचं, त्यालाच आपण चोरीची खूण ठरवलं. शिवाय कॅमेऱ्याकडे बघितलं तर समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आणि चेहऱ्याकडे बघितलं तर आपण खाली बघतोय असं दिसतं. करायचं काय त्या पोराने? कॉपी पकडायची तर प्रश्न बदला. "तुझ्या गावात या कामात काय अडचण येईल?" असं विचारा. त्याचं उत्तर कुठल्याही यंत्रात तयार नसतं.

तिसरं म्हणजे, "माणूस पक्षपाती असतो ना, मग यंत्राला ठरवू द्या." आता अशाही मुलाखती निघाल्या आहेत, की पलीकडे कुणीच नसतं. पडद्यावर प्रश्न येतो, कोपऱ्यात सेकंद उलटे धावतात, आणि आपण भिंतीशी बोलल्यासारखं बोलायचं. बव्हेरियाच्या रेडिओने २०२१ मध्ये म्युनिचच्या एका कंपनीच्या अशा सॉफ्टवेअरची परीक्षा घेतली. चष्मा घातला की बाईचे स्वभावगुण बदलले. मागे पुस्तकांचं कपाट आलं की पुन्हा बदलले! म्हणजे यंत्रसुद्धा कपाटालाच भुललं, कारण त्याला शिकवणारी माणसंच. अमेरिकेतल्या हायरव्ह्यू या मोठ्या कंपनीने चेहऱ्यावरून गुण देणं बंद केल्याचं जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं. इलिनॉय राज्यात २०२० पासून कायदा आहे: यंत्र वापरणार असाल तर उमेदवाराला आधी सांगा, समजावून सांगा, संमती घ्या, आणि त्याने मागणी केली की तीस दिवसांत चित्रफीत पुसा. युरोपात फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी माणसाच्या भावना ओळखणारी यंत्रणा वापरायलाच मनाई आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून. आपल्याकडे मात्र पोरं 'आय ॲग्री'वर बोट ठेवून मोकळी होतात. तिथे नाही म्हटलं तर मुलाखतच नाही, मग त्याला संमती कशी म्हणायची?

आणि मुळात प्रत्येक कामाला मुलाखत हवीच का? केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून क आणि ड गटाच्या आणि ब गटातल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. लेखी परीक्षा, लागेल तिथे कौशल्याची चाचणी, झालं. मुलाखतीत वशिला आणि पैसा शिरतो, हे कारण होतं. फोनवर बोलायचं काम आहे ना? मग दहा मिनिटं फोनवरच बोला की! चेहरा, भिंत आणि चादर यांचा संबंध येतो कुठे?

मराठीच्या बाईंना एक सांगू द्या. 'मुलाखत' हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला, त्याचा मूळ अर्थ भेट. भेटीला दोघं लागतात. एकाने तोंड झाकून बसायचं आणि दुसऱ्याने घर झाडून दाखवायचं, याला भेट म्हणत नाहीत. याला झडती म्हणतात.

हे सगळं वेगळ्या प्रकारे होऊ शकतं याचा पुरावाही याच पोरीजवळ आहे. महिन्याभराने दुसऱ्या एका लहानशा कंपनीने बोलावलं. आदल्या दिवशी एका बाईंचा फोन आला, "कुठली वेळ तुम्हाला सोयीची? संध्याकाळी नेट जात असेल तर सकाळी ठेवू. मराठीत बोलायचं की इंग्रजीत?" दुसऱ्या दिवशी कॅमेरा आधी त्यांनी सुरू केला. मध्येच चित्र अडकलं तर म्हणाल्या, "व्हिडिओ बंद करा, आवाज छान येतोय." दिर मागच्या खोलीत खोकले, तर त्या बाईंनी "आजोबा आहेत का? बरी आहे ना तब्येत?" म्हणून विचारलं आणि पुढचा प्रश्न घातला. प्रश्न काही सोपे नव्हते, पोरीला चांगलं पिळलं. पण कामाबद्दल पिळलं. तिची निवड झाली. झाली नसती तरी मी हा परिच्छेद असाच लिहिला असता.

या सौजन्याला पैसे किती लागले? शून्य.

आता मुद्द्याचं. आपल्या गोतावळ्यात, माझ्या मोजणीप्रमाणे, निदान सहा जण हल्ली पलीकडच्या खुर्चीत बसतात. दोन भाचे हिंजवडीत, एक पुतणी बंगळुरूला, बाकीचे तुमचे तुम्ही ओळखा. आणि ओळखीचे ब्लॉगवाले किती असतील देव जाणे. बाकी जगाला मी काय सांगणार, तुम्हाला मात्र नात्याच्या हक्काने सांगते.

कॅमेरा आधी तुम्ही सुरू करा. उशीर झाला तर कळवा, आणि आल्यावर माफी मागा. भाषा विचारा. पहिल्याच मिनिटाला सांगा की घरातले आवाज आले तरी चालतील, नेट गेलं तर पुन्हा जोडून घेऊ, त्याचे गुण कापणार नाही. सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा आणि गुण लगेच कागदावर टाका, म्हणजे कपाटाची भुरळ कमी पडेल. काम आवाजाचं असेल तर चेहरा मागू नका. आणि निकाल काय तो कळवा, 'नाही' असला तरी. माझ्या शाळेत नापास मुलालाही प्रगतिपुस्तक मिळत असे.

आणि मुलांनो, तुम्ही उजेडाकडे तोंड करून बसा, इयरफोन लावा, चार्जिंग करा, ते सगळं ठीक. पण रात्र जागायची ती भिंतीसाठी नको. जिथे जायचं ते काम काय आहे, तिथे तुम्ही काय कराल, तुम्हाला कुठे अडेल, हे तीन वेळा मोठ्याने बोलून बघा, आईसमोर, तिला कळेल अशा मराठीत. तिला कळलं तर कुणालाही कळेल. पगार किती, वेळ काय, प्रशिक्षण कोण देणार, हे विचारायला लाजू नका. भेट दोघांची आहे, तुम्हीही त्यांना पारखताय.

घरातल्या म्हाताऱ्यांना मात्र कुणी उन्हात पाठवायचं नाही. ज्या नोकरीला तुमच्या आजोबांचा खोकला चालत नाही, त्या नोकरीला उद्या तुमचा ताप चालणार नाही आणि परवा तुमचं बाळंतपण चालणार नाही. हे पहिल्या दहा मिनिटांतच कळलं, तर ते बरंच झालं म्हणायचं.

भाच्यांनो, रागावला असाल तर फोन करा. व्हिडिओ कॉल केलात तरी चालेल. माझ्यामागे दोरीवर लुगडी वाळत असतील, ती मी काढणार नाही.